चौथी मूठ

नवागामात लखनचं घर मागांच्या खात्याच्या डोक्यावर होतं. सुरतेत पॉवरलूमच्या शेडला खातं म्हणतात. खालचं खातं सुरू झालं की वरच्या घरात मांडणीतली ताटं, भिंतीवरचा आरसा, माठातलं पाणी, सगळं थरथरू लागायचं. नवा पाहुणा तर धरणीकंप झाला समजून चपला शोधायचा.

अशा घरात बोलायचं म्हणजे एक तर घसा फोडायचा, नाहीतर ओठ वाचायचे. लखनची आई पुष्पाबाई तरुणपणी सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर होती. लखनही व्हिडिओच्या धंद्यात पडण्याआधी मागावरच उभा असायचा. मागांच्या गोंगाटात कामगार ओठांवरून बोलणं ओळखतात. ती विद्या या दोघांच्या अंगात इतकी मुरली होती की अर्धा संसार त्यांनी बिनआवाजाचा केला. लखनची बायको धनश्री पारोळ्याकडच्या निवांत घरातून आलेली. तिचं लग्नानंतरचं पहिलं वर्ष नुसतं ‘काय? काय?’ करण्यात गेलं, आणि सासू-नवरा आपल्याबद्दलच बोलतात हा तिचा संशय अजून पुरता फिटला नव्हता.

लखन लग्नांचं आणि अहिराणी गाण्यांचं शूटिंग करायचा. कॅमेरा जुना, कुणाचा तरी वापरलेला. त्याच्यापुढे एक अ‍ॅडॉप्टर होता. अ‍ॅडॉप्टर म्हणजे एक नळकांडं. त्याच्या एका टोकाला व्हिडिओ कॅमेरा, दुसऱ्या टोकाला फोटोच्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स. हे लचांड जोडलं की नवरीचा चेहरा लख्ख दिसतो आणि मंडपातले दिवे मागे विरघळून जातात, अगदी सिनेमासारखे. पण अ‍ॅडॉप्टरची फोकसची रिंग सैल होती. आतलं ग्रीस कधीच वाळून गेलेलं. डीजेचा ठोका बसला की रिंग केसभर सरकायची, आणि केसभर सरकली की नवरीची नथ धूसर व्हायची अन् मागे उभ्या मामाच्या मिश्या ठसठशीत.

म्हणून त्या रिंगवर चेतनची बोटं असायची. चेतन म्हणजे लखनचा धाकटा भाऊ. लखन डोळा लावून उभा, आणि चेतन बाजूला वाकून दोन बोटांनी रिंग धरलेला, असं ते जोडकाम होतं. नवरी पुढे आली की बोटं तीळभर फिरायची, थांबली की थांबायची. लखनला तोंडातून शब्द काढावा लागत नसे. वऱ्हाडी मंडळी थट्टा करायची, की या कॅमेऱ्याला तीन हात आहेत.

चार वर्षांपूर्वी लग्नसराई संपल्यावर चेतन एका ठेकेदाराबरोबर वापीकडे कामाला गेला. रिकामं बसवत नाही, म्हणाला. काही महिने फोन आले, मग फोन बंद. ठेकेदारानेही हात वर केले. चौकशी करता करता लखनच्या चपला झिजल्या. पुष्पाबाईने मात्र पोरगा हरवला असं एकदाही म्हटलं नाही. तिच्या लेखी तो कामाला गेला होता आणि येणार होता. त्याचे कपडे तिने पेटीत ठेवले आणि पेटीला कुणाला हात लावू दिला नाही.

लखननेही आपल्या परीने तोच हट्ट धरला. भाड्याची पोरं आणून त्याने रिंग धरायला शिकवली. त्यांनी व्हिडिओ बिघडवले. ओळखीचे फोटोवाले म्हणायचे, "अरे, त्या रिंगला काहीतरी लॉक बसव, एकटा माणूस काम करू शकेल." लखनचं उत्तर ठरलेलं होतं.

"कसाले? चेतन ई, तोच धरी."

चेतन येईल, तोच धरेल, हे तो आईसमोरही म्हणायचा, आणि पुष्पाबाई मान हलवायची. दोघांनी एकमेकांच्या आशेला असा टेकू दिला होता.

यंदा चैत्रात वापीच्या बाजूच्या एका पोलीस चौकीतून फोन आला. दोन वर्षांपूर्वी रुळांजवळ एक बेवारस माणूस सापडला होता, त्याचा फोटो ओळखायला या म्हणाले. आईला शूटिंगचं सांगून लखन गेला. तोंडावरून काही ओळखण्यासारखं नव्हतं. हातावर गोंदलेलं होतं, ‘पुष्पा’. जत्रेत गोंदवून घेताना चेतन कसा ओरडला होता, ते लखनला आठवलं. बेवारस म्हणून त्याला केव्हाच अग्नी दिला गेला होता. सख्खा भाऊ शंभर किलोमीटरवर असताना परक्या माणसांनी त्याचं सगळं केलं. लखन स्टेशनच्या बाकावर बसून राहिला, सुरतेच्या दोन गाड्या त्याने डोळ्यांदेखत सोडल्या.

घरी येऊन त्याने फक्त धनश्रीला सांगितलं. आईला सांगायला तोंड उघडत नव्हतं. तिचं हृदय आधीच नाजूक, डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हणून बजावलेलं. मग त्याने डोकं भादरलं नाही, दहावं केलं नाही, सुतक पाळलं नाही. भाऊ गेलेला माणूस लग्नात हसऱ्या पाहुण्यांचे व्हिडिओ काढत हिंडला. स्वतःची त्याला किळस यायची.

आणि श्रावण तोंडावर आला. खान्देशी माणसाच्या घरी श्रावण म्हणजे कानबाई, रविवारी बसवून सोमवारी नदीत सोडायची देवी. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. घरातली वडील बाई नाव घेते आणि मूठ सोडते. त्याच गव्हाचा रोट होतो आणि तो भाऊबंदांनीच खाऊन संपवायचा असतो. गेली चार वर्षं पुष्पाबाई सगळ्यात शेवटी चेतनची मूठ टाकत आली होती. आता लखनच्या भाऊबंदांत असं मानत, की मूठ जित्या माणसाची. मेलेल्याच्या नावाची मूठ पडली तर रोट बाटतो. सांगावं तर आई जायची, न सांगावं तर ती मेलेल्या लेकाच्या नावाचे गहू देवीपुढे टाकणार आणि सगळी भावकी ते खाणार. इकडे आड आणि तिकडे विहीर म्हणतात, ते लखनला आता कळलं.

अशात एक दिवस जेवताना पुष्पाबाई म्हणाली, "लखन, औंदा रोटनं शूटिंग कर. मुठी टाकाफाईन सगळं कर. चेतन ऊना की त्याले दखाडसूत."

लखनने घास परत ताटात ठेवला. मुठी टाकताना घरातल्या पुरुषांनी ताटासमोर बसायचं असतं. म्हणजे लखनला कॅमेऱ्यामागे उभं राहता येणार नव्हतं. नेहमीचं उत्तर द्यायला हवं होतं. चेतन येऊ दे, तो रिंग धरेल, मग करू. ते चार शब्द काही केल्या बाहेर आले नाहीत. मेलेल्या भावाच्या नावाने आणखी एक थाप मारवेना.

"करस माय," तो म्हणाला. "रिंगले लॉक बनाडी लेस."

पुष्पाबाई हातातला तुकडा तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने ताकाची वाटी पुढे ओढली.

दुसऱ्या दिवसापासून लखन ते बनवायला बसला. गॅसच्या नळीला लावतात ती स्क्रूची क्लिप त्याने आणली. ती रिंगभोवती बसवली आणि क्लिपला एक दांडी जोडली. दांडी खात्याच्या भंगारातली, पातळ पोलादी पट्टी कापून केलेली. दांडीचं दुसरं टोक कॅमेऱ्याखालच्या पाट्याला नटाने आवळायचं, म्हणजे रिंग जागची हलणार नाही. कागदावर हे फार सोपं दिसत होतं. प्रत्यक्षात क्लिप रिंगवरून घसरायची आणि रंगाचे टवके काढायची. मग त्याने आत सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं. रबराने घसरणं थांबलं, पण रबर ताणतं आणि परत येतं, तसा फोकसही जायचा आणि परत यायचा. धनश्रीला खुर्चीत बसवून तो चाचणी घ्यायचा. तिचं नाक दिसायचं तर कान पुसट. "मना नाकवरच तुमना डोया शे का?" ती म्हणायची. हसवायचा तिचा तो प्रयत्न होता. दोघांनाही हसू येत नव्हतं.

खरं तर हे काम लखनच्या हातचा मळ होतं. मागावरची कितीतरी मोठी दुखणी त्याने बरी केली होती. पण इथे हात चालत नव्हते. क्लिपचा स्क्रू पिळताना त्याला वाटायचं, आपण चेतनची बोटं एकेक करून रिंगवरून सोडवतो आहोत. आजवर ती जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. आता तिथे लोखंड बसणार. एकदा तो पाना फेकून गॅलरीत जाऊन उभा राहिला. जिथे सुतक पाळता आलं नाही, तिथे रडायचं तरी कुठे, हे त्याला समजेना.

परत आला तेव्हा पुष्पाबाई त्याच्या जागेवर बसली होती. पुढ्यात चेतनचा कातडी पट्टा होता, कमरेचा. चार वर्षं ज्या पेटीला तिने कुणाला शिवू दिलं नव्हतं, तिच्यातून तिने तो काढला होता.

"रबर कामनं नही," ती म्हणाली. "हाऊ ले. चामडं शे, ताणावत नही."

"माय, हाऊ त्याना…"

"माले ठाऊक शे कोना शे ते." तिने कात्री उचलली आणि पट्ट्याची एक पट्टी स्वतःच कापून त्याच्या हातात दिली. उरलेला पट्टा गुंडाळून पदराखाली घेतला आणि उठून गेली.

म्हातारीचा जीव त्या रोटाच्या व्हिडिओत किती अडकलाय, एवढंच लखनच्या मनात आलं, आणि त्याला आणखी भरून आलं. माणूस स्वतःच्या दुःखात बुडाला की दुसऱ्याचं दुःख नाकासमोर असून दिसत नाही.

चामडं बसलं. रिंग घट्ट धरली गेली. तरी एक खोड राहिली. खालचा नट आवळताना दांडी नटाबरोबर तीळभर ओढली जायची, आणि कुलूप लावता लावताच फोकस हलायचा. शेवटी त्याने नट आणि दांडीच्या मध्ये एक वायसर घातला आणि त्या वायसरला खाच पाडून तो जागेवर अडकवला. आता नट फिरला तरी वायसर फिरत नव्हता आणि दांडीला काही कळतच नव्हतं. खाली माग धडधडत होते, घर हलत होतं, आणि समोर बसलेल्या धनश्रीच्या पापणीचा केस न् केस पडद्यावर स्थिर होता. चेतनशिवाय काम होत होतं.

शनिवारी सकाळी मुठी टाकायच्या होत्या. खातं चालूच होतं, कारण मालकाला कानबाईशी कर्तव्य नव्हतं. सुकदेवकाका, म्हणजे लखनच्या वारलेल्या वडिलांचे धाकटे भाऊ, आणि त्यांचा मुलगा हिलाल आले. काकांना परंपरेची भारी चाड. एखादी चूक झाली की वर्षभर उगाळतील. बायका मागे बसल्या. लखनने कॅमेरा तिपाई घोडीवर लावला, आईच्या चेहऱ्यावर फोकस धरला, नट आवळला आणि येऊन ताटासमोर बसला. आदल्या रात्री त्याने धनश्रीजवळ शपथ घेतली होती, की चौथ्या मुठीआधी आईचा हात धरायचा.

पुष्पाबाईने हळदकुंकू वाहिलं आणि गव्हात हात घातला. मागांच्या आवाजात तिचे शब्द कुणालाच ऐकू येत नव्हते. लखन मान खाली घालून फक्त ताट बघत होता. तिच्या तोंडाकडे बघण्याची छाती नव्हती. पहिली मूठ पडली, ती सुकदेवकाकांची. दुसरी त्याची, तिसरी हिलालची. मग हात पुन्हा गव्हात गेला आणि थांबला. लखनने आपला हात गुडघ्यावरून उचलला. तो पुढे काही गेला नाही. बोटांमधून गहू ताटात सांडले आणि वर चिमूट पडली. चौथी मूठ पडली होती. सुकदेवकाकांनी समाधानाने मान हलवली.

आपण नामर्द आहोत, लखनला वाटलं. देवीचा रोट बाटवला आणि आईच्या हातून बाटवला.

दुपारी बायका डाळ निवडायला बसल्या. लखन आतल्या खोलीत गेला आणि त्याने सकाळचं चित्रण लावलं. कुलूप इमानदार निघालं होतं. चित्र जराही सरकलं नव्हतं. आवाजात निव्वळ मागांचा खडखडाट, पण आईचा चेहरा असा स्पष्ट की कपाळावरच्या गोंदणाचे ठिपके मोजावेत. पहिल्या मुठीला तिचे ओठ म्हणाले, ‘सुकदेव’. दुसरीला ‘लखन’. तिसरीला ‘हिलाल’. चौथ्या मुठीआधी तिने डोळे वर केले आणि समोर मान घालून बसलेल्या लेकाकडे पाहिलं. ओठ हलले.

लखनने ते पुन्हा लावलं. आणि पुन्हा लावलं. आयुष्यभर या ओठांशी तो बोलत आला होता, त्यांचं वाचताना चूक होणं शक्य नव्हतं. ती ‘चेतन’ म्हणाली नव्हती. ती दुसऱ्यांदा ‘लखन’ म्हणाली होती.

तो उठून दारात आला. बाहेरच्या खोलीत काकू, धनश्री, शेजारची कलाबाई आणि मध्ये सूप घेऊन पुष्पाबाई बसली होती. सुकदेवकाका भिंतीला टेकून पेंगत होते. तिने मान वर केली आणि लेकाचा चेहरा पाहिला. सगळं तिला तिथंच कळलं. लखनने आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं,

"माय, तुले कधय समजनं?"

तिचे हात सुपात फिरतच होते. ओठ तेवढे हलले. "तू लॉक बनाडानं बोलना, तधयच. तो येनार ऱ्हाता तं तू बनाडता नही."

लखनने दाराची चौकट धरली. आईला सांगायचं नाही म्हणून त्याने चार महिने जीभ दाताखाली दाबली होती, आणि सांगून टाकलं ते एका क्लिपने आणि एका नटाने. आणि तिने? तिने ऐकून घेतलं, ताकाची वाटी पुढे ओढली, आणि त्याला आपल्यासाठी आणखी खोटं बोलावं लागू नये म्हणून गप्प राहिली. मुठी चारच पाडल्या, काकांना शंका येऊ नये म्हणून. धाकट्याचा वाटा थोरल्याच्या नावावर टाकला, रोट शुद्ध राहावा म्हणून.

"कसा गया?" तिने विचारलं.

"गाडीखाले. दोन वरीस व्हयनात."

"आग कोणी दिन्ही?"

लखनचा चेहरा वेडावाकडा झाला, छातीतून हुंदका वर आला.

"रडू नको," तिचे ओठ म्हणाले. डोळे कोरडे होते आणि त्यांत जरब होती. "मूठ पडनी. देवी घरमा ई राहिनी. सोमवारले ती गयी की मग. तवलोंग मी बी रडाव नही."

"काय हो जिजी, काय म्हनी राहिना तो?" काकूंनी ओरडून विचारलं.

"भूक लागनी म्हणे!" पुष्पाबाई ओरडून म्हणाली, आणि बायका हसल्या. धनश्रीने नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि तिच्या हातातली डाळ खाली सांडली. या वेळीही तिला ओठ वाचता आले नव्हते, तरी सगळं कळलं होतं.

मग रविवार आला. कानबाई बसली. नारळाला नथ आणि डोळे लावून पुष्पाबाईने देवी सजवली, पुरणपोळ्या लाटल्या, गाणी म्हटली. आवाज एकदाही कातर झाला नाही. सुकदेवकाका म्हणाले, यंदा वहिनी फार खूश दिसते. लखन रोटाचा तुकडा मोडायचा आणि पाण्याबरोबर गिळायचा. दोन माणसांच्या वाट्याचं त्याला खायचं होतं.

सोमवारी देवी तापीवर निघाली. बँड होता, गुलाल होता, सबंध नवागाम रस्त्यावर नाचत होतं. पुष्पाबाई देवी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालली, लोकांनी आग्रह केला तेव्हा फुगडीही खेळली. ते पाहून लखनला धाय मोकलून रडावंसं वाटलं. पाण्यात देवी सोडून ती रिकामा पाट घेऊन घरी आली, पाट भिंतीला टेकवला, पायांवर पाणी घेतलं आणि जमिनीवर बसली.

"आते," ती म्हणाली. आणि तिने हंबरडा फोडला.

चेतन रे, मन्हा राजा, असं म्हणत ती कपाळ बडवत होती. धनश्रीने तिला कवेत धरलं. पण खाली माग सुरू होते. लखन हाताच्या अंतरावर उभा होता आणि त्याला आपल्याच आईचा टाहो अर्धामुर्धा ऐकू येत होता. दारापलीकडे तर काहीच जात नसणार. चेतन एकदा बेवारस जळाला होता. आता तो बिनआवाजाचाही जाणार होता.

लखन जिना उतरून खात्यात गेला. मुकादम लोटू त्याच्या वडिलांच्या वेळचा माणूस होता. लखन त्याच्यासमोर उभा राहिला आणि ओठांनी म्हणाला, "लोटूबा, मना चेतन मरी गया. माग बंद करा."

लोटूने मालकाला विचारलं नाही. त्याने भिंतीपाशी जाऊन मेन स्विच खाली ओढला. माग एकामागून एक थांबले. आणि वरून पुष्पाबाईचा आवाज खाली आला, पूर्ण, नावासकट. गल्लीत दारं उघडली. कलाबाई पिठाचे हात तसेच घेऊन जिना चढू लागली, तिच्यामागून बाकीच्या बायका निघाल्या.

लखन मागांच्या मध्ये खाली बसला. लोटूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि एका कामगाराला न्हाव्याला बोलवायला पाठवलं.